दुसरा डबा

परळच्या एसटी स्टँडवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ होते. एक बाई धावतच त्यांच्यापाशी आल्या.

"रघूभावजी, तुम्ही उतरलात? मग हे कुठे आहेत?"

"कोण, गणपत? मला काय ठाऊक, वयनी? मी गावची तिकिटं काढायला आलोय."

"अहो, गडावर गेला होतात ना दोघं? दर रविवारी जाता तसे?"

"माझे गुडघे गेलेत. दिवाळीपासून मी गेलोच नाही."

"मग तुमचा डबा कोण खातं? कमी तिखटाचा वेगळा देते मी. दोन्ही रिकामे येतात."

"फोन लावलात?"

"लागत नाय. ॲन्जिओप्लास्टीनंतर मीच यांना बजावलं होतं, रघूभावजी बरोबर असतील तरच जायचं."

"त्या वाटेला रेंज नसते, वयनी. पाचची गाडी आली?"

"आली. त्यात नव्हते."

"मग सातच्या गाडीने येईल. शेवटची आहे. मी थांबतो तुमच्याबरोबर."

"थांबा. पण गाडी लागली की त्या खांबामागे व्हा."

"का?"

"तुम्ही दिसलात तर यांना परत खोटं बोलावं लागेल. आज नको. आज नुसते गाडीतून उतरू देत."