वाटणीला आलेली होडी

कमलम्मा : अहो, माझी परात कुठाय?

सिद्धेश्वर : होडीत.

कमलम्मा : होडीत काय करून राहिली?

सिद्धेश्वर : चिकटली. तिच्यातच ठिगळं चिकटवायचं रेझिन कालवलं होतं. दुकानदार म्हणला, हार्डनर घातलं की अर्ध्या तासात घट्ट होतंय. इथं ब्रश बुडवला न् दगड! ब्रश बी गेला आत.

कमलम्मा : हार्डनर किती घातलं?

सिद्धेश्वर : काम पक्कं व्हावं म्हणून दुप्पट.

कमलम्मा : भर मे महिन्यात, उन्हात बसून, दुप्पट! मी विरजण लावताना कधी बघितलंत का? उन्हाळ्यात जरासंच लागतं. आता करवंटीत कालवा, सावलीत. माझ्या भांड्यांना हात लावाल तर बघा.

सिद्धेश्वर : बरं.

कमलम्मा : पर मी म्हणते, ही अवदसा आपल्याच अंगणात का?

सिद्धेश्वर : नवा जिल्हा झाला, वाटणी झाली. चांगल्या जीपा, कपाटं थोरल्या जिल्ह्यानं ठेवून घेतली. धाकट्याला ही फुटकी मोटारबोट.

कमलम्मा : हिची मोटार कुठाय?

सिद्धेश्वर : मागाहून येणार म्हणं. कचेरीत साहेबांनी विचारलं, दुरुस्त कोण करंल? मी हात वर केला.

कमलम्मा : तुम्हाला सायकलचं पंक्चर काढता येत न्हाई!

सिद्धेश्वर : साहेब म्हणले, होडी जिथं, तिथं तू. मग माझी बदली व्हायची न्हाई. तुझी बालवाडीची नोकरी इथं हाय म्हणून केलं गं.

कमलम्मा : असं व्हय? …थांबा, त्या ठिगळाखाली हवा राहिली. लाटणं आणते.

(ठिगळं वाळल्यावर, एका संध्याकाळी, शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या दारात.)

लक्ष्मीबाई : पाणी उसनं? साखर दिली, पीठ दिलं. ह्या दुष्काळात पाणी उसनं मागणारी तूच पहिली, बाई!

कमलम्मा : सकाळी परत देते, अक्का. सगळ्या गल्लीचं होडीत ओतायचं न् रातभर ठेवायचं. आतलं बाहेर गेलं न्हाई, तर बाहेरचं बी आत यायचं न्हाई. तळ्यात न्यावी तर तळ्यात पोरं विटीदांडू खेळून राहिलीत.

लक्ष्मीबाई : त्याचा वास लागंल की पाण्याला.

कमलम्मा : प्यायचं देऊ नका. भांडी घासायचं द्या.

लक्ष्मीबाई : भांडी तरी कुठं घासतो आता, राखेनं पुसून राहिलो. ने बाई, ने.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, होडीपाशी. लक्ष्मीबाई आपलं पाणी घागरीत परत भरून घेत आहेत.)

सिद्धेश्वर : कमल, खाली वाकून बघ! माती कोरडी ठणठणीत! मी केली ही. माझ्या हातानं!

कमलम्मा : हाव हो, बघितलं.

लक्ष्मीबाई : भाऊ, पेढे द्या! आमचे मालक कचेरीतनं ऐकून आले. होडी नांदेडला देऊन टाकायलेत. तिकडं नदी हाय. न् होडीसंगं तुम्ही बी. दुपारी साहेब बघायला यायलेत.

कमलम्मा : अगं बाई! न् फुटकी निघाली तर?

लक्ष्मीबाई : फुटकी कोण नेतंय? मग इथंच पडून राहती की. चला, माझी घागर भरली.

कमलम्मा : अहो, ऐका. गळती म्हणून सांगा.

सिद्धेश्वर : गळती म्हणू? शाळेत मी मातीचा बैल केला, तर मास्तर म्हणले डुक्कर छान झालंय. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातनं काही धड झालं, कमल!

कमलम्मा : तुमचा जीव तुटतो, कळतंय मला. पर आत्ता कुठं लेकरं मला बाई म्हणायलीत. त्यांना सोडून कशी येऊ?

(दुपारी. साहेबांची जीप नुकतीच गेली आहे.)

कमलम्मा : काय म्हणले साहेब?

सिद्धेश्वर : गळती का, म्हणले.

कमलम्मा : मग?

सिद्धेश्वर : लई गळती म्हणलो. निस्ती चाळण हाय म्हणलो.

कमलम्मा : न् साहेब?

सिद्धेश्वर : म्हणले, मला वाटलंच होतं.

कमलम्मा : …जाऊ द्या. राहिलो ना इथं. चला, जेवून घ्या.

सिद्धेश्वर : जेवतो. पर कमल, सकाळी तू नीट वाकून बघितलंस ना?

कमलम्मा : बघितलं की. एक थेंब न्हाई गळाला.