उमापूरच्या फडातला फेटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, तालुक्यातल्या सहकाराची नाडी जाणणारे माननीय विठ्ठलराव, म्हसोबावाडीच्या सरपंच मुक्ताबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, दूध संस्थेचे संचालक, मांडवात दाटीवाटीने बसलेल्या माताभगिनी, आणि ज्यांना आज आपण चेअरमनच्या खुर्चीतून निरोप देतो आहोत ते एकेकाळची फडातली माझी जोड, शहादेव पैलवान. सर्वांना उमापूरच्या गहिनीनाथ मास्तरचा रामराम.

मघाशी स्वयंसेवक सर्व पाहुण्यांना फेटे बांधत होते. मी बांधू दिला नाही. म्हातारा हेकट आहे असं कुणाला वाटलं असेल तर ते बरोबरच वाटलं. पण माझ्या डोक्यावर हा आहे, थोडा विटलाय, जरीची किनार काळी पडलीय, तरी मी घरून तोच बांधून आलो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या उमापूरच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला मी शहादेव पैलवानांना चीत केलं, त्या कुस्तीचा हा मान.

मंडळी, त्या एका कुस्तीवर मी जन्म काढला. शाळेत कवायतीचा मास्तर म्हणून लागलो तो त्या कुस्तीवर. सासऱ्यांनी मुलगी दिली तीही त्यावरच. शहादेव पैलवान म्हणजे तेव्हा काय प्रकरण होतं, हे आजच्या पोरांना काय सांगावं? बीडपासून पैठणपर्यंत त्यांची पाठ कुणी पाहिली नव्हती. हलगी त्यांच्या नावानं वाजायला लागली की निम्मे पैलवान जोड ठरवायच्या आधीच लंगोट पिशवीत घालायचे. असा माणूस मी खांद्यावर घेऊन कलाजंग डाव मारला. मग मिरवायचं नाही तर काय करायचं?

आता मी इथे का आलो ते सांगतो. आमंत्रण होतं, पण आलो तो रागानं.

झालं असं, की महिन्यापूर्वी शिरूरच्या बाजारात दाढीला बसलो होतो. आमचा म्हाळू वस्तरा गळ्यावर ठेवून म्हणाला, "मास्तर, एक इचारू का? ती शहादेव पैलवानाची कुस्ती तुमी कितीला इकत घेतलती?" वस्तरा तिथे होता म्हणून मला रागही धड येऊ देता येईना. मी म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणाला, "म्हसोबावाडीत लहान पोराला बी ठावं हाय. पैलवानानं कुस्ती इकली."

म्हणजे पस्तीस वर्षं हे गाव पारावर बसून आम्हा दोघांना चोर ठरवत होतं, आणि मी मात्र उमापुरात फेटा बांधून मिरवत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून मी एकाच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि थेट पैलवानांच्या घरी गेलो. म्हटलं, लोक असं बोलतात आणि तुम्ही गप्प? पैलवान हसले. "म्हणू दे की. पडलो ते पडलो. पाठीची माती धुतली की जाती." एवढं बोलून ते गाईकडे गेले.

पण चहा घेऊन पैलवानांच्या मंडळी भिवराबाई आल्या. वहिनी, कुणाला सांगायचं नाही अशी तुम्ही मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतो आहे. त्या म्हणाल्या, "इकत्यात कशाची, भावजी? अंगात काय होतं तवा इकायला? रेशनच्या मिलो जवारीच्या भाकरीवर उभे ऱ्हायलते हे."

मग वहिनींकडून कळलं ते असं. त्या काळी या गावाची रीत होती, घरटी एक तांब्या दूध रोज तालमीत, पैलवानाच्या खुराकाला. दुष्काळ पडला, जनावरं छावणीला गेली, घरोघरी कोरा चहा आला. तरी उमापूरची कुस्ती ठरलेली, गावाच्या इज्जतीचा सवाल. ज्या थोड्याफार गाई आटल्या नव्हत्या त्यांचं दूध आयांनी पोरांच्या तोंडचं काढून तालमीत पाठवलं. पैलवानांनी ते तांबे घेतले, कुणाला परत केले नाहीत. मात्र गावातली सगळी पोरं पहाटे तालमीत बोलावली. बैठका मारून घ्यायचे आणि प्रत्येकाला पेलाभर पाजायचे. वर बजावायचे, "घरी सांगितलं तर पुढच्या कुस्तीत पाठ लागंल बरं का." पोरांना वाटायचं, तालमीत दूध मिळतंच.

समोरच्या रांगेतले संचालक बघा, चांगले दणकट आहेत. माझी विनंती आहे, बहात्तर साली तालमीत जे दूध प्यायले त्यांनी हात वर करावा.

आप्पाराव, तुमचाही हात आहे तर. असू द्या, खाली घ्या. पारावर सगळ्यात मोठ्यानं कोण बोलायचं ते मी विचारणार नाही, निरोप समारंभ आहे.

मग गोठ्यात जाऊन मी पैलवानांना म्हटलं, निदान आयांना तरी सांगायचं. म्हणाले, "काय सांगू? तुमचं दूध मी पेलोच न्हाई म्हणून? पोटाला चिमटा घेऊन दिलतं त्यांनी. मी इकली म्हणून शिव्या दिल्या तर तेवढ्यावर भागलं." पाऊस झाल्यावर हाच माणूस त्याच दारांवर गेला आणि म्हणाला, आता खुराक नको, दूध संस्थेला घाला. आणि मला या गावाचं नवल वाटतं. कुस्ती विकणारा म्हणून नाव ठेवलं, पण रोज सकाळी दूध मात्र डोळे झाकून त्याच्याच हाती दिलं. मनात कुठेतरी तुम्हाला ठाऊक असणारच.

आता माझं काय? कुस्ती विकत घेतली नव्हती, हे सिद्ध करायला मी आलो. ते सिद्ध झालं. पण त्यासाठी जे सांगावं लागलं, त्यानं माझी कुस्तीच गेली. त्या दिवशी पैलवान खांद्यावर आले तेव्हा हलके लागले होते. मला वाटलं, आपली ताकद वाढली. खरं सांगतो, गेला महिनाभर मला वाईट वाटतंय. या वयात माणसाजवळ एकच गोष्ट असते आणि तीही अशी जाते.

अध्यक्ष महाराज, निकाल बदलत नाही, मला फडाचे नियम माहीत आहेत. पडलेला तो पडलाच. पण मान कुणाचा, हे पंचांनी नव्हे, समोर लढलेल्या जोडीनं ठरवायचं असतं. पैलवान, जरा इकडे या. मान खाली करा. नाही म्हणू नका, आज तुमचा खुराक झालेला आहे, मला उचलता यायचं नाही. हं. फेटा थोडा सैल बसलाय, तुमचं डोकं माझ्यापेक्षा लहान निघालं.

संयोजकांनी बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं गेलं असेल तर मास्तराची खोड म्हणून सोडून द्या. आणि वडीलधाऱ्यांच्या सभेत बोडक्या डोक्यानं उभा आहे, तेवढी एक चूक पोटात घाला.