पाहुणीला दिलेलं पाणी

जबाब, दि. ११ फेब्रुवारी

मी, शकुन सूर्यभान खेरडे, वय ५६ वर्षे, व्यवसाय शेती (संत्रा व तूर), शिक्षण नववी पास, राहणार मौजे बेलदरी, तालुका वरूड, जिल्हा अमरावती. पोलिसांनी बोलावल्यावरून आज ठाण्यात स्वतः हजर आहे व समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती सूर्यभान यांच्यासह राहते. मुलगा अंकुर अकोल्याला खाजगी नोकरीत आहे. सून प्रणाली व नात श्रावणी दिवाळीपासून सुनेच्या माहेरी, अंजनगाव सुर्जीला आहेत. त्या का गेल्या ते पुढे येईल. माझे पती आज सोबत नाहीत, कारण ते आमच्या विहिरीवर बसलेले आहेत. तेही पुढे येईल.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला हरितकांत बायोफ्युएल या कंपनीचा मक्यापासून स्पिरिट काढण्याचा कारखाना आहे. तो एका परदेशी बँकेच्या कर्जावर उभा आहे. हे मी मनाचे सांगत नाही, फाटकावर बँकेच्या नावाचा बोर्ड आहे. कारखान्याचे काळे पाणी आधी नाल्यात येत होते. गावाने ओरड केली तेव्हा नाल्यात येणे बंद झाले. लोक खूश झाले, मला मात्र शंका आली. कारखाना तर चालूच होता, मग ते पाणी जाते कुठे? माझी शेजारीण म्हणाली, "शकुनबाई, तुले चांगलं झालेलं पाहावतच नाही." त्याच सुमारास कंपनीने कुंपणाच्या आत तीन बोअर मारले होते. त्या बोअरमधून पाणी वर येताना आजपर्यंत कोणी पाहिलेले नाही. मी याहून जास्त काही म्हणत नाही, कारण मी आत गेलेले नाही. आत कोणाला जाऊ देत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीचे पाणी चहाच्या रंगाचे झाले. त्याला आंबूस वास येतो. श्रावणीला आंघोळ घातली की अंगाला फोड येत. वरूडचे डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. विहीर कशी बदलणार? सुनेने मुलगी हलवली. सुनेला मी दोष देत नाही. घर खायला उठते, एवढेच.

ग्रामसभेत कंपनीचे जनसंपर्क अधिकारी सौमित्र पाठक यांनी माईकवर सांगितले की, गावातल्या सर्व विहिरींचे पाणी तपासलेले असून पिण्यालायक आहे, काही लोकांना रडायची सवयच असते. काही लोक म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. मी उठून म्हटले, "मंग साहेब, एक दिवस आमच्याकडे चहाले या." ते हसले आणि नक्की येतो म्हणाले. ते आले नाहीत. प्यायला आम्ही वरूडहून जार आणतो.

हकिकत अशी की, दि. ३ फेब्रुवारी रोजी दुपारी बँकेच्या चारुता मॅडम मुंबईहून गाव पाहायला आल्या. कर्जाचा पुढचा हप्ता देण्याआधी गावाला काही त्रास आहे का, हे बँक पाहते म्हणे. पाठक साहेब सोबत होते. त्यांनी मॅडमना कोणत्या घरी न्यायचे ते आधीच ठरवले होते. त्या घरी नवीन सतरंजी टाकलेली मी सकाळीच पाहिली होती. परंतु मॅडम आमच्या आंगणापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काकू, येऊ का आत?" दारात आलेल्या बाईला येऊ नका म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही.

त्या बाजेवर बसल्या. पाठक साहेब उभेच राहिले. मॅडमनी विचारले, "पाणी कसं आहे इथलं?" मी तोंड उघडण्याआधी पाठक साहेब म्हणाले, "उत्तम. सगळं गाव हेच पितं." मॅडमनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा राग आला, हे लिहावे.

पाहुणा आला की आधी पाणी द्यावे, मग विचारपूस करावी, ही आमची पद्धत आहे. पाणी न पिता पाहुणा गेला तर गावात विचारतात, काय वैर पडले? मी आत जाऊन विहिरीच्या पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी कळशी, होती त्यातून दोन पेले भरले व गुळाचे खडे घेऊन बाहेर आले. पाठक साहेबांना पेला पुढे केला असता ते म्हणाले, माझा उपवास आहे. पाणीसुद्धा न घेण्याचा उपवास आमच्याकडे बाया हरतालिकेला करतात. पाठक साहेब कोणता करत होते ते त्यांना विचारावे.

मॅडमनी दुसरा पेला घेतला आणि तोंडाकडे नेला. त्याबरोबर पाठक साहेब ओरडले, "मॅडम, पिऊ नका!" आणि त्यांनी हाताने पेला उडवला. पाणी मॅडमच्या अंगावर सांडले. मी विचारले, "काहून नोको? गावाले पाजता अन् पाहुणीले नाही, काहून?" मॅडमनीही विचारले, "का?" पाठक साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर धावत गाडीतली बाटली घेऊन आला. मॅडम ओल्या कपड्यांनी गाडीत बसल्या. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटले, ही बाई आपल्या बाजूची दिसते.

विचारल्यावरून सांगते की, घरात त्या वेळी जारचे पाणी होते. होय, अर्धा जार होता. विहिरीचे पाणी चुकून दिले नाही, मुद्दाम दिले. मॅडमनी ते प्यावे म्हणून दिले नाही. कंपनीचा माणूस त्यांना पिऊ देतो का, एवढे मला पाहायचे होते. दोन वर्षे मी बोंबलून सांगत आहे, पाणी नासले. ग्रामसभेत सांगितले, अमरावतीला जाऊन सांगितले. तेच कंपनीचा माणूस एका दमात बोलला. त्याने अडवले नसते तर मी अडवले असते, माझा हात तिथेच होता. हवालदार सुगत तायडे साहेब म्हणतात, हे कशावरून? कशावरूनही नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर मॅडमचा एकदाच फोन आला. त्या म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी गैरसमज झाला असं म्हणाल का? आणि माझं नाव कुठे आलं नाही तर बरं होईल." मी विचारले, "तुमी पेला तोंडाले नेला होता, तो बी गैरसमज?" त्या म्हणाल्या, "बँकेत माझ्या हातात फार काही नसतं." मी म्हटले, "पैसा तं तुमच्याच हातून जाते नं." फोन बंद झाला. माझी त्यांच्यावर एका दुपारपुरती माया बसली होती. ती गेली.

माझ्याविरुद्ध पाठक साहेबांनी दिलेली तक्रार आज मला वाचून दाखवण्यात आली. त्यात लिहिले आहे की, माझ्या विहिरीचे पाणी मानवी आरोग्यास घातक आहे हे मला माहीत असताना मी ते बँकेच्या प्रतिनिधीला पाजण्याचा प्रयत्न केला. मी हवालदार साहेबांना ते परत वाचायला लावले. ग्रामसभेत पिण्यालायक, पोलीस ठाण्यात घातक. बहुतेक बँकेसमोर मला कजाग ठरवायच्या घाईत साहेब लिहून गेले. आपण काय लिहिले हे त्यांना कोणीतरी नंतर सांगितले असावे, कारण काल सकाळी ते एकटे आमच्या घरी आले. या वेळी बाजेवर बसले. म्हणाले, "काकू, मी तक्रार मागे घेतो. आपण आपसात मिटवू. सुनेला घेऊन या, घरी फिल्टर बसवून देतो." मी विचारले, "एकट्या माह्याच घरी?" ते म्हणाले, "सध्या." मी नाही म्हटले. तेव्हा ते उठताना म्हणाले की, मग ही तक्रार काढून दुसरी द्यावी लागेल, तुम्ही पेल्यात काही मिसळले असे म्हणावे लागेल.

म्हणून मी तो गुंड फडके बांधून सोबत आणला आहे. तो जप्त करून मला पावती द्यावी. परंतु नुसत्या गुंडावर भरवसा ठेवू नये, त्यात मी काही टाकले असे उद्या कोणीही म्हणेल. विहिरीचेच पाणी पंचांसमोर काढावे. हे आजच करावे. काल सायंकाळी कंपनीचा टँकर व मोटरपंप आमच्या बांधावर आला. ड्रायव्हर म्हणाला, विहीर साफ करून द्यायला सांगितले आहे, फुकट. आतापर्यंत फुकट काही मिळाले नव्हते. माझे पती तेव्हापासून विहिरीच्या काठावर बसून आहेत. त्यांना दम्याचा त्रास आहे. पोलीस आल्याशिवाय ते उठणार नाहीत आणि मीही त्यांना उठा म्हटलेले नाही.

माझी विनंती एकच आहे की, माझ्याविरुद्धची तक्रार मागे घेऊ देऊ नये. ते पाणी पिण्यालायक असेल तर मी पाहुणीला पाणी दिले, त्यात गुन्हा नाही. घातक असेल तर मला अवश्य धरावे, मी वकील मागणार नाही. मग पाठक साहेबांना विचारावे की ते घातक पाणी विहिरीत कुठून आले, आणि त्यांना हे कसे माहीत. चारुता मॅडमनाही बोलवावे. पेला कोणी उडवला हे त्यांनी जवळून पाहिले आहे, आणि त्यानंतर बँकेने हप्ता दिला का, हे फक्त त्याच सांगू शकतात. त्यांचे नाव या जबाबात राहू द्यावे.

तायडे साहेबांनी मला समजावून सांगितले की, हे बोलणे माझ्याच अंगावर येऊ शकते. मला ते समजले आहे. माझी नात सहा वर्षांची आहे. तिला तिच्या घरी आंघोळ करता आली पाहिजे. यापेक्षा मोठे माझे काही म्हणणे नाही.

हा जबाब मी बोलत गेले तसा संगणकावर उतरवला. तायडे साहेबांनी तो सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी शब्द सौम्य केले होते, ते माझ्या सांगण्यावरून पूर्ववत केले. आता तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. मला सही येते, अंगठा घेऊ नये. मला घरी जाण्यास सांगण्यात आले आहे. परंतु पाठक साहेब तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन पलीकडच्या खोलीत बसलेले आहेत, आणि ते बाहेर पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

(सही) शकुन सूर्यभान खेरडे
समक्ष : सुगत तायडे, पोलीस हवालदार