सर्जेराव साखळी धरतो

जालन्यातल्या जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीत दोन शेळ्या, एक कोंबडा आणि पोलिसांची कुत्री राणी, अशी चार जनावरं होती. शेळीला घेऊन आलेली, नुकतीच बीएस्सी झालेली संघमित्रा शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकत होती. आष्टीचा सर्जेराव राणीच्या हवालदाराला विचारत होता.

"साहेब, कुत्रं सांभाळायची नोकरी मला जमंल का?"

"आधी पोलिसात भरती हो. मंग पुण्याला ट्रेनिंग."

"कुत्र्याचं?"

"दोघांचं. राणी पहिल्या झटक्यात पास झाली."

"आन् तुम्ही?"

"राणीचं विचार."

सर्जेरावची आई मधेच बोलली, "ह्याचं घरचं मांजरबी ऐकत न्हाई, साहेब."

"माय, गप बस ना! साहेब, एकदा परीक्षा घेऊन बघा तर."

"बरं, धर ही साखळी. मी आतून हाक मारतो, ती धावंल. साखळी सुटली तर हा नाद सोड."

"बिलकुल न्हाई सुटणार."

हवालदार आत गेला. आतून हाक आली, "राणी!"

संघमित्रानं नंतर फरशा मोजल्या. दोन-दोन फुटांच्या सहा. सर्जेराव राणीमागं पोटावर बारा फूट फरफटत दारापर्यंत गेला होता आणि साखळी त्याच्या हातात होती.