पाटीवरचा शब्द

मधून चालायचं नाही, घरच्यांनी भिंतीच्या कडेनंच जायचं — हा आमच्या हॉलचा नियम, पेंटरकाका, म्हणून तर तुमचा चहा एवढा वळसा घेऊन आला आणि निवला. घ्या, शिडीवरच घ्या, मी खालून धरते. का, असं विचारायचं नाही. मी शाळेत असताना विचारलं होतं, तर आत्या म्हणाली, ती लाकडी जमीन भाड्यानं द्यायला आहे, आपल्या पायांसाठी नाही. म्हणजे शनिवारी लोकांनी येऊन तिच्यावर नाचायचं, रविवारी मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या टाचांचे काळे डाग काढायचे, मेण लावायचं आणि पालीसारखं भिंतीला चिकटून बाहेर यायचं. हसताय काय, करून बघा एकदा.

अहो, पाटीवरचा तो ‘डान्स’ लगेच खरवडू नका, थांबा. माहीत आहे, बाबांनीच सांगितलंय. ‘डान्स हॉल’ काढायचं, ‘सभागृह’ लिहायचं, खाली व्यवस्थापक म्हणून माझं नाव. बाबा थकले, आत्याचे गुडघे गेले, मग उरलं कोण — मी. पण मुलीच्या नावाच्या डोक्यावर तो शब्द नको म्हणे. आजवर त्याच शब्दावर घर चाललं, माझी फी भरली, तेव्हा तो चांगला होता. माझं नाव आलं आणि बाटला. आहे की नाही गंमत?

बरं, हा शब्द आहे तरी कुठला, म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड कोश उघडला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, इथपर्यंत सगळ्या पंडितांचं एकमत. त्याच्या आधी? नक्की कुणालाच ठाऊक नाही. हे मी जेवताना सांगितलं, तर आत्या लगेच म्हणते कशी — ‘बघ, घराण्याचाही पत्ता नाही.’ शब्दाला स्थळासारखं नाकारलं तिनं. एक जुना अंदाज मात्र आहे — जर्मनांच्या जुन्या बोलीत ताणणं, ओढणं अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यावरून आला असावा. हातात हात धरून ओळीनं एकमेकांना ओढत न्यायचं, तसलं काहीतरी. ‘असावा’ बरं का, छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण मला पटलं. का नाही पटणार? ओढणं काय असतं ते मला विचारा — एक हात बाबांकडे, एक आत्याकडे, मी मध्ये ताणलेली आणि जागची हलत नाही. त्या ओळीचं बरं असतं, ती पुढे तरी सरकते. परवा तालमीत बाईंनी तेच करून घेतलं आमच्याकडून, मी सगळ्यात पुढे, मागे अख्खी रांग, आणि —

काय? कुठली तालीम?

झालं. बोलून बसले. आणि ऐकलंच असेल त्यांनी, बुकिंगच्या खिडकीमागे दोघंही बसलेत — बघा, खुर्ची सरकली. असू दे. ऐका बाबा, आत्या तूही ऐक. ग्रंथालयात जाते म्हणायचे, ते दर वेळी ग्रंथालय नसायचं. नाचाच्या एका कंपनीनं मला घेतलंय, सोमवारी दौरा निघतोय. सांगणार होते — रोज सांगणार होते, पण तुम्ही रोज जेवताना हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या ताटाशी ठेवायचात, की मी ताट उचलून मोरीकडे जायचे.

नाही आत्या, चार लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. नाही बाबा, ‘आधी हॉल मार्गी लाव, मग जा’ हे नको. तुमचं ‘मग’ मी ओळखते. आत्याला शिवणकामाचं दुकान काढायचं होतं, तिलाही तुम्ही हेच सांगितलं होतंत ना? कुठे आहे ते दुकान? नाही, तू नको उत्तर देऊस आत्या. त्यांना देऊ दे.

पेंटरकाका, वरच्या शब्दाला नवा रंग द्या. खाली खडूनं माझं नाव आखलंय, ते पुसून टाका. हे घ्या फडकं. माझं ऐकायचं की त्यांचं? मग विचारा की त्यांना, इथेच तर आहेत.

विचारलंत ना?

बघा. उतरा खाली, द्या ते फडकं इकडे, मीच पुसते.