गाडी खालापुरातच राहिली

छाया : मग लावलीत कुठं गाडी? पुलाच्या अलीकडं? तरीच म्हणते, आवाज कसा नाय आला!

दशरथ : तू आधी ते ताट खाली ठेव.

छाया : खाली कसं ठेवू? निरांजन लावलंय. आईंनी आळीतल्या बाया जमवल्यात देवळापाशी. चाकाखाली ठेवायला लिंबं हायत, फोडायला नारळ हाय. आणि तुमी फाट्यावरून चालत येताय, खांद्यावर वळकटी टाकून.

दशरथ : मिनीडोअरनं आलो. कर्जतवरून.

छाया : दहा चाकांची गाडी घ्यायला गेलेला माणूस तीन चाकांवर बसून आला?

दशरथ : हसू नको गं.

छाया : ...अवो, कुठं लागली का गाडी? तुमाला काय झालं नाय ना? हात बघू.

दशरथ : मला काय नाय झालं. गाडीला बी नाय. खालापुरात, मालकांच्याच, झाकीरभाईंच्या आवारात उभी हाय. धुऊनपुसून, नवरीसारखी.

छाया : आणि कागद?

दशरथ : कागद बी तिथंच. मी सही नाय केली, छाया.

(छाया ताट ओट्यावर ठेवते.)

दशरथ : बोल की काय तरी. मिनीडोअरमध्ये सगळा वेळ तेच घोकत आलो, छाया काय म्हणंल, आई काय म्हणंल. गावभर सांगून बसलोय, दशरथ आता गाडीमालक होणार म्हणून. तू बोल, मी ऐकून घेतो.

छाया : तुमचा फोन द्या.

दशरथ : कुणाला लावतेस? झाकीरभाईंना नको लावू.

छाया : द्या तर... हॅलो, पोशाभाऊ? मी कडाववरून छाया बोलते. तुमी निघालात का कशेळ्यावरून? मग टेंपो फिरवा मागं... नाय, नाय, भाव नाय वाढवायचा. म्हस विकायचीच नाय... अवो, गोठ्यात बसलीय, रवंथ करतेय, तिला काय झालं नाय. आमचंच बदललं. या कधी तरी च्याला... हां. ठेवते.

दशरथ : एवढी घाई?

छाया : दोन वाजता दारात येणार होता तो. पहाटेपासून चंद्रीच्या गळ्यात गळा घालून बसलेवते. सासरी चाललेल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं तिला, तिकडं लाथ मारू नको, दूध चोरू नको.

दशरथ : आणि मला म्हणालीस, एक म्हस गेली तर शेणाचा त्रास तेवढाच कमी.

छाया : तुमच्या गाडीला तिचे पैसे लागत होते. मग शेणाचंच कायतरी म्हणायला नको?

दशरथ : रडतेस की काय?

छाया : नाय. तिचे केस गेलेत नाकात.

दशरथ : मला वाटलं, तुलाच हौस. दहिवलीला जाऊन हिरू पेंटरकडून पाटी रंगवून आणलीस. दोन खेपा मारल्यास.

छाया : तीन. पहिल्यांदा त्यानं आरोहीच्या नावाला नुसता पिवळा मारलावता, उन्हात दिसंना. लाल काठ करून घेतला. म्हटलं, लेकीचं नाव गाडीच्या कपाळावर कोइमतूरपर्यंत जाणार, लांबून वाचता आलं पायजे. पण ती हौस तुमच्या हौसेची होती. वीस वर्सं ऐकतेय, एक दिस माझी गाडी येणार. जेवताना तेच, तापात तेच. लगीन ठरलं तवा बी तुमी माझ्या आईला तेच सांगितलंत.

दशरथ : आणि तुझ्या मनात?

छाया : हर्षददादा.

दशरथ : मला वाटलंच.

छाया : त्याची स्वतःची गाडी होती. पुढच्या काचेवर आमच्या वडलांचं नाव, आबाजी. आबा गेले तवा दादाची गाडी अकोल्याच्या पुढं बंद पडलेली. इंजिनाचं काम. सोडून येतो म्हटलं तर रातीत टायर जातील, बॅटरी जाईल. माल दुसऱ्याचा. गाडीखाली बसून राहिला तीन दिस. आबांची राख गार झाली तवा दारात आला, हाताला ऑइल तसंच. कुणी त्याला काय बोललं नाय. तोच बोलला, गाडीवर ज्यांचं नाव होतं त्यांच्यासाठीच गाडी सोडता आली नाय.

दशरथ : हे तू मला कधी सांगितलं नाय.

छाया : तुमचं तोंड उजळायचं ना गाडीचं नाव काढलं की. त्यावर कसं सांगू?

दशरथ : ...मला झाकीरभाईंनी सांगितलं.

छाया : काय, घेऊ नको म्हणून?

दशरथ : छे. ते तर म्हणाले, आठ वर्सं तू भाड्यानं चालवलीस, माझा पोरगा काय या धंद्यात येणार नाय, माझ्यामागं तूच घे. सगळं तयार होतं. मी पेन हातात घेतला, टोपण काढलं, आणि त्यांचा फोन वाजला. पदूचा.

छाया : त्यांची दुसरी गाडी चालवतो तो?

दशरथ : तोच. खंबाटकीच्या अलीकडं गाडी बंद पडली म्हणाला. गिअरबॉक्स. आणि झाकीरभाई त्याला काय म्हणाले ठाव हाय? म्हणाले, पदू, तू बस पकड, घरी जा. गाडीचं मी बघतो.

छाया : आईंच्या डोळ्याच्या टायमाला तुमाला म्हणालेवते तसंच.

दशरथ : अक्षर न् अक्षर तेच. दावणगिरीला रस्त्याच्या कडेला उभा होतो मी, इकडं आईचं ऑपरेशन. त्या वाक्यावर रातभर बसमधनं आलो. एवढी वर्सं मला वाटायचं, हे वाक्य माझंच हाय, मी चांगला ड्रायव्हर म्हणून मला मिळालेलं. आज कळलं, ते भाड्याच्या गाडीबरोबर येतं.

छाया : मग?

दशरथ : मग झाकीरभाई उठले. जेवण अर्धं टाकून. पासष्ट वर्सांचा माणूस, गुडघ्याला पट्टा. खुंटीवरची पिशवी घेतली, तीत आधीच गोळ्या, टॉवेल, पाना. आणि सफुराभाभी. तिनं विचारलं बी नाय, कुठं चाललात, कधी येणार. गुपचूप डबा भरला, वर दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधल्या आणि आत गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो, छाया. ती पाठ तुझ्यासारखी दिसली.

छाया : माझी पाठ जाड हाय तिच्यापरीस.

दशरथ : ऐक गं! मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, झाकीरभाई, मला माफ करा, मी मालक झालो तर मला 'घरी जा' कोण म्हणणार? त्यांना राग येईल असं वाटलं. ते दारात थांबले, माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, दशरथ, तीस वर्सांत मला बी कुणी नाय म्हणालं.

छाया : अवो...

दशरथ : मग म्हणाले, करार एक साल वाढवू, परत कोइमतूरची खेप सोमवारी. आज चावी खिळ्याला अडकव आणि जा घरी.

छाया : आणि तुमी आलात.

दशरथ : आलो. पण छाया, गाडी आता कधीच माझी व्हायची नाय. हे तुला कळतंय ना? आरोही विचारंल, बाबा, आपली गाडी कुठंय.

छाया : कळतंय. दोन-चार दिस तुमाला बोचंल. मग चंद्री व्याली की धारंला बसवीन तुमाला, विसराल.

अंबाबाई : अगं छाया, बाया ताटकळल्या देवळापाशी! भागी म्हणते, माझा भात करपतोय. गाडी... हा कवा आला गं? आणि असा ओट्यावर काय बसलाय, हरल्यासारखा?

दशरथ : आई, बस जरा इथं.

अंबाबाई : बसायचं काय, मी ओवी बांधलीय. सकाळपासून घोळवतेय, विसरंन म्हणून कुणाशी बोलले नाय. ऐक.
"दारी आली गं गाडी, हिला चाकं हाईत दहा
माझा दशरथ बाळ, झाला मालक गं पहा."

छाया : आई, त्यांनी गाडी नाय घेतली.

अंबाबाई : नाय घेतली?

दशरथ : नाय आई. भाड्याचीच चालवणार, पयल्यासारखी. तुला वाईट वाटलं?

अंबाबाई : मग माझ्या डोळ्याची पट्टी सोडली तवा बसनं आलावतास, तसा येत राहशील?

दशरथ : येत राहीन.

अंबाबाई : पयलं तुझंच तोंड दिसलेलं मला. दाढी वाढलेलं, घाण. नर्स म्हणाली, आजी, काय दिसतं? मी म्हटलं, चोर दिसतो.

छाया : ते तर खरंच. आता बायांचं काय करायचं? नारळ आणलाय, ताट केलंय.

अंबाबाई : नारळ फोडा चंद्रीपुढं. आणि ती हिरूची पाटी लावा गोठ्यावर. लाल काठ चांगला हाय, वाया नको जायला.

दशरथ : म्हशीच्या गोठ्यावर आरोहीचं नाव? कॉलेजातून येऊन घर डोक्यावर घेईल ती.

अंबाबाई : घेऊ दे. घरात आवाज पायजे. चला, बायांना सांगते, वालाच्या शेंगा घेऊन इकडंच या म्हणून, मडक्यात भाजून पोपटी लावू... ही ओवी मातर फुकट गेली माझी.

छाया : दुसरी बांधा की आई. रोज उठल्याबरोबर दाराबाहेर काय बघता तुमी, त्याची.

अंबाबाई : कशाची, हे नवऱ्याला नको सांगू. त्याला वाटंल, म्हातारी वेडी झाली.

दशरथ : काय बघतेस गं आई?

अंबाबाई : गप बस, जुळतंय...
"गाडी राहिली गं दूर, खालापूरच्या आवारात
माझ्या दशरथाची, चप्पल दिसती दारात."