रेडिएटरमधली हळद

हॅलो?… हां, अक्का, बोल… व्हय, चिकलठाण्यातच हाय, सर्व्हिस सेंटरच्या आवारात… कोणी सांगितलं तुला?… गेटवरच्या आकाशनं? हां, आपल्या गावचा पडला तो… व्हय, खरंय. मीच मारलं तुझ्या नवऱ्याला. चाकं खोलायच्या टॉमीनं मारलं. मनगटावर बसली… अगं ऐक ना. रडू नको, आधी ऐक तर…

जिते हायेत. ट्रकच्या केबिनमधी जाऊन बसलेत, आतून दार लावून… मी? मी बाहेर उभाय. टॉमी हातातच हाय. काच फोडून काढतो आता बाहेर…

काहून म्हणजे? आज वॉरंटीचा शेवटला दिवस हाय… हां, रेडिएटरची. तोच गळणारा. वेरूळच्या घाटात इंजिन तापून गाडी बंद पडती, म्हाईत हाय ना तुला? आज नवा बसला असता, फुकट. इथल्या मेकॅनिकनं टोपण काढलं, तर आतून काय निघालं?… हळद. भाजीत टाकतो ती हळद, अक्का. पिवळा चिखल नुसता. गळती बुजवायला कोणीतरी मूठमूठ टाकलीय… इथला सायेब म्हणतो, बाहेरचं काही टाकलं की वॉरंटी बाद. अन् हसला वरून. त्याची कॉलर धरली मी, तर चौघांनी मागं ओढलं…

आता तूच सांग, गाडी दाजीच चालवतेत, त्यांच्याबिगर तिला कोण हात लावतं? मी नीट इचारलं, दाजी, हळद तुम्ही टाकली का? तर खाली बघून म्हणले, "टाकली असंल." असंल?… माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुढं काय झालं मलाच कळलं नाय…

व्हय, व्हय, म्हाईत हाय मला. दिवाळीपासून सांगत व्हते, सुदर्शन, वॉरंटी हाय तवर बदलून घे. मीच म्हणत व्हतो, उसाच्या खेपा संपू द्या, मग गाडी उभी करू… मग? मी ऐकलं नाय म्हणून असा सूड काढायचा? गाडी खल्लास करायची माझी?

जावई हायेत, कोण नाय म्हणतंय? धोंड्याच्या महिन्यात ह्याच हातानं पाय धुतलेत त्यांचे, ताटात घेऊन. आज ह्याच हातानं तोडतो… थांब एक मिनिट. ओ दाजी, उघडा. दार उघडा म्हणतो ना… नाय?

ऐकला आवाज?… काच गेली. कपाळाला लागलं वाटतं… निघू दे रक्त, तुझ्या रडण्यानं आज सोडत नसतो मी… ए, मधी कोण येतंय? तुझं बी डोकं फोडीन, हो बाजूला… तुला नाय गं, इथला एक जण हात धरू राहिला माझा…

काय?… मोठ्यानं बोल, कंप्रेसर चालू हाय इथं… कोणी टाकली?… अण्णांनी?… आपल्या अण्णांनी?

नवऱ्यासाठी खोटं बोलू नको, अक्का. दे अण्णांना फोन… नको. थांब. नको देऊ… कवा पण?… काल सांजच्याला? मी अन् दाजी ओट्यावर भांडत व्हतो, तवा?… हां… जुन्या ट्रॅक्टरला टाकायचे ना ते… गळती थांबली की पोरांचं भांडण मिटंल, असं म्हणले?… अन् हळदीचा डबा तूच दिला?… तुला वाटलं गाडीची पूजा करतेत… हां…

दाजींना म्हाईत व्हतं हे?… भांडून गाडीकडं गेले, तवा टाकताना बघितलं त्यांनी?… मग बोलले काहून नाय माझ्याशी? मी टॉमी उगारली तवा तरी बोलायचं… हां… चार लोकांसमोर सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं… हां, अक्का… हां…

ठेवली. खाली ठेवली टॉमी…

दार उघडलं त्यांनी. उतरू राहिले. अक्का, माझ्याकडंच येऊ राहिले… येऊ दे. मारलं तर मारू दे.

काय म्हणता, दाजी?… अक्का, ते म्हणतेत, हळदीनं वॉरंटी गेली हे अण्णांना कळू देऊ नको. म्हातारा जेवायचा नाय म्हणतेत… दाजी, मी… चला, आधी दवाखान्यात चला, मी रिक्षा बघतो… झटकलं मला. अंगाला हात लावू देत नायेत… तुझ्याशी बोलायचंय म्हणतेत.

हे घ्या, दाजी, धरा… थांबा, थांबा. अक्का, उजवा हात सुजून लटकतोय त्यांचा. डाव्यानं कपाळावर फडकं दाबलंय, ते सोडलं की भळाभळा वाहतंय… फोन कुठल्या हातात देऊ मी?

मीच धरतो त्यांच्या कानाला. बोल तू.